मायकोरायझा म्हणजे काय? मिरचीला बुरशी आणि रासायनिक खत एकत्र कसं द्यायचं, संपूर्ण माहिती

मिरची तिखट का असते, याचा कधी विचार केलाय? बोलिव्हियातल्या जंगली मिरच्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याचं एक भन्नाट उत्तर दिलं. किडे मिरचीला भोकं पाडतात, त्या भोकांतून फ्युजारियम नावाची बुरशी आत शिरते आणि बिया खराब करते. तिखटपणा त्या बुरशीला आवर घालतो. जिथे बुरशीचा धोका जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त सापडली.

म्हणजे वर फळात मिरचीचं बुरशीशी भांडण. पण जमिनीखाली त्याच झाडाच्या मुळांत दुसरी एक बुरशी पाहुणी म्हणून राहते, आणि मिरची तिला स्वतःहून साखर खाऊ घालते! या बुरशीच्या भागीदारीला म्हणतात मायकोरायझा.

आजकाल कृषी सेवा केंद्रात, ऑनलाइन शॉपिंग अ‍ॅपवर, इन्स्टाच्या रील्समध्ये सगळीकडे मायकोरायझाची पाकिटं दिसतात. "टाका आणि उत्पन्न डबल करा" असं कुणीही सांगतं. हे खरं किती? रासायनिक खतासोबत ते चालतं का? की पैसे मातीत जातात? आज आपण हेच सोप्या भाषेत समजून घेऊया. तुमची मिरची गच्चीवरच्या ग्रो बॅगमध्ये असो नाहीतर घरच्या एकरभर रानात, ही माहिती दोन्हीकडे कामाची आहे.

मायकोरायझा म्हणजे नेमकं काय?

१८८५ मध्ये आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेत "मायकेस" म्हणजे बुरशी आणि "रायझा" म्हणजे मूळ. दोन्ही मिळून "बुरशी-मूळ". म्हणजे मायकोरायझा हे एखाद्या खताचं नाव नाही, अगदी एका बुरशीचंही नाव नाही. ते एका नात्याचं नाव आहे.

हे नातं फार जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यांच्या पेशींतही ही बुरशी दिसते. गंमत म्हणजे त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळंसुद्धा नव्हती.

मिरचीत जो प्रकार आढळतो त्याला आर्बस्क्युलर मायकोरायझा म्हणतात. बुरशीचा धागा मुळाच्या आत शिरतो आणि पेशीत छोट्या झुडपासारख्या बारीक फांद्या फोडतो. हे झुडूप म्हणजे देवाणघेवाणीचं दुकान. बुरशी मातीतून आणलेला माल इथे देते, झाड त्या बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. झाडाने प्रकाशातून बनवलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के भाग या बुरशीकडे जाऊ शकतो. म्हणजे ही सेवा फुकट नाही, झाड तिचं रीतसर भाडं भरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानात याच प्रकाराला बऱ्याचदा "व्हॅम" म्हणतात. ते जुनं नाव आहे. दोन्ही एकच समजा.

झाडाला बुरशीची गरज का पडते?

याचं मुख्य कारण म्हणजे स्फुरद. नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन मुख्य अन्नघटकांपैकी स्फुरद मातीत सगळ्यात आळशी. नत्राचा नायट्रेट पाण्याबरोबर वाहतो, स्फुरद मात्र जागचा फारसा हलत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो कॅल्शियमला चिकटून बसतो. कोकण-गोव्याच्या लाल जांभ्या जमिनीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात. म्हणजे माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर असला तरी झाडाच्या तोंडापर्यंत तो पोचेलच असं नाही.

मूळ आपल्या अगदी जवळचा, एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद पटकन शोषून घेतं. मग तिथे रिकामा पट्टा तयार होतो. पलीकडे माल आहे, पण इकडे येत नाही. वायफायचं राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही गच्चीवर, असा प्रकार. नेट आहे, पण रेंज नाही!

बुरशीचे धागे म्हणजे इथे रेंज एक्स्टेंडर. हे धागे २ ते १० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. मुळाला शिरता येत नाही अशा फटींत ते शिरतात आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांबून स्फुरद घेऊन येतात. सोबत जस्त आणि तांबंही आणतात. पाण्याचा ताण पडला तरी अशी झाडं बऱ्याचदा जास्त तग धरतात. मेक्सिकोच्या आंचो मिरचीवर तिथल्याच मातीतल्या बुरशीचा प्रयोग झाला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुरशी असलेल्या झाडांवर दुष्काळाचा ताण कमी दिसला.

मग रासायनिक खत आणि बुरशी एकमेकांचे शत्रू आहेत का?

इथे दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, "रासायनिक टाकलं की बुरशी मेलीच." दुसरा म्हणतो, "दोन्ही भरपूर टाका, डबल फायदा." दोघंही अर्धवट बरोबर.

खरी गोष्ट अशी आहे. झाडाला स्फुरदाची भूक लागली की मुळं मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. जवळपासच्या बुरशीला हा सिग्नल मिळाला की तिला भराभर फांद्या फुटतात आणि ती मुळाकडे येते. ही गोष्ट २००५ मध्ये जपानी संशोधकांनी सिद्ध केली. ज्वारीच्या मुळावर जगणारं टारफुला हे तण गावाकडच्या मित्रांना माहीत असेल. त्याचं बीसुद्धा याच सिग्नलवर उगवतं. या रसायनांचं नाव पडलं तेही टारफुल्याच्या "स्ट्रायगा" या शास्त्रीय नावावरून.

आता झाडाचं पोट आधीच स्फुरदाने भरलेलं असेल तर? मग ते सिग्नल कमी करतं. ज्या मालाची गरजच नाही, त्याचं भाडं कोण भरणार? बुरशी मुळात कमी शिरते. म्हणजे तुम्ही एका हाताने मायकोरायझा टाकता आणि दुसऱ्या हाताने स्फुरदाचा मारा करून त्याचं काम बंद पाडता.

पण याचा अर्थ खत बंद करा असा नाही. बुरशी नवीन स्फुरद बनवत नाही, ती फक्त असलेला पोचवते. मिरची तोडा आणि विकली की त्या फळांबरोबर अन्नघटकही शेताबाहेर गेले. ते परत भरावेच लागतात. नत्र आणि पालाशही गरजेप्रमाणे द्यावंच लागतं, नाहीतर झाड कमजोर राहील आणि बुरशीला खाऊ घालायला त्याच्याकडे साखरच उरणार नाही.

थोडक्यात, दोन्ही चालतात. फक्त स्फुरद मोजून द्यायचा.

खताचं गणित: एकरी किती लागतं?

महाराष्ट्रात ओलिताच्या मिरचीसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश हे प्रमाण साधारणपणे सांगितलं जातं. एकरात मोजलं तर अंदाजे ४०:२०:२०. आता हे बॅगांमध्ये कसं बसतं ते पाहू.

• २० किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो, म्हणजे ५० किलोच्या अडीच बॅगा. यात स्फुरद १६ टक्के असतो, शिवाय गंधकही मिळतं.
• ४० किलो नत्रासाठी युरिया ८७ किलो. युरियात नत्र ४६ टक्के. ४५ किलोच्या दोन बॅगांपेक्षा जरा कमी.
• २० किलो पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ३३ किलो. यात पालाश ६० टक्के.

स्फुरद आणि पालाश लागवडीच्या वेळी. नत्र मात्र एकदम द्यायचं नाही. अर्धं लागवडीला, उरलेलं महिन्याभरानंतर हप्त्याने, रोपाभोवती बांगडी पद्धतीने.

आता डीएपी वापरणाऱ्यांचं बघू. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. २० किलो स्फुरदासाठी ४४ किलो डीएपी पुरतं, म्हणजे एक बॅगसुद्धा पूर्ण लागत नाही. (त्यातून सुमारे ८ किलो नत्रही मिळतं, तेवढा युरिया कमी करायचा.) पण सवयीने अनेकजण एकरी दोन बॅगा टाकतात. दोन बॅगांत स्फुरद झाला ४६ किलो, गरजेच्या दुपटीहून जास्त! एका बॅगेला सुमारे १३५० रुपये धरा. म्हणजे दुसऱ्या बॅगेचे १३५० रुपये तर गेलेच, वर मायकोरायझाच्या पाकिटाचे पैसेही बिनकामाचे ठरण्याची शक्यता. जास्त स्फुरदामुळे झाडाला जस्त कमी पडू शकतं, ते वेगळंच.

गच्चीवाल्या मित्रांनी १९:१९:१९ या विद्राव्य खताकडे लक्ष द्या. ते चांगलं खत आहे, पण दर आठवड्याला दिलं तर कुंडीत स्फुरद साचत जातो. मातीत शेणखत किंवा गांडूळखत आधीच असेल तर मधूनमधून १३:००:४५ वापरा. त्यात नत्र आणि पालाश आहे, स्फुरद नाही. कोंबडी खतातही स्फुरद बराच असतो, तेही हिशोबात धरा.

मायकोरायझाचा फायदा कुठे होतो, कुठे नाही?

आधी माती परीक्षण करा. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू आहे. त्या पत्रिकेत उपलब्ध स्फुरद हेक्टरी किती किलो आहे ते लिहिलेलं असतं आणि पुढे कमी, मध्यम की जास्त हेही असतं.

• स्फुरद कमी असेल तर शिफारशीएवढं खत द्या आणि मायकोरायझा वापरा. इथे भागीदारी जमण्याची शक्यता चांगली.
• मध्यम असेल तर मायकोरायझा वापरून चार-सहा ओळींत स्फुरद थोडा कमी करून बघा. फरक नाही पडला तर पुढच्या वर्षी बाकीच्या रानात कमी करा.
• जास्त असेल तर पाकीट घेण्याची घाई करू नका. आधी स्फुरदाचं खत कमी करणं हीच पहिली बचत.

अजून तीन ठिकाणी फायद्याची शक्यता वाढते. एक, कोकोपीटमध्ये ट्रेवर वाढवलेली रोपं. कोकोपीटमध्ये शेतातली नैसर्गिक बुरशी नसते. दोन, आधी कोबी, फ्लॉवर, मुळा किंवा मोहरी घेतलेलं रान. या कुळातली पिकं मायकोरायझाशी नातंच जोडत नाहीत, त्यामुळे त्या हंगामात बुरशी उपाशी राहते. तीन, बराच काळ उघडं पडीक असलेलं किंवा सतत खोल नांगरलेलं रान. नांगरटीने धाग्यांचं जाळं तुटतं.

याउलट ज्या शेतात वर्षभर ज्वारी, मका, तूर, कांदा असं काही ना काही असतं, तिथे स्थानिक बुरशी आधीच मुक्कामाला असते. तिथे विकतच्या पाकिटाने मोठा फरक पडेलच असं नाही.

कसं वापरायचं? स्टेप बाय स्टेप

१. शक्य असेल तर रोपवाटिकेतच द्या. ट्रे भरताना कोकोपीटमध्ये पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा. कोवळ्या मुळांना लवकर भेट झालेली चांगली. या टप्प्यात स्फुरदयुक्त खत हलकंच ठेवा.
२. ते जमलं नाही तर लागवडीच्या वेळी खड्ड्यात, मुळाला चिकटेल असं टाका. वर मातीवर भुरभुरून किंवा पानांवर फवारून उपयोग नाही. बुरशीला मूळ भेटलंच पाहिजे.
३. रासायनिक खत त्याच खड्ड्यात टाकू नका. रोपापासून थोडं बाजूला, मातीआड करून द्या. एकाच बादलीत दोन्ही कालवणं तर टाळाच.
४. ड्रिपमधून सोडायचं असेल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. या बुरशीचे अनेक बीजाणू १०० मायक्रॉनपेक्षा मोठे असतात. फिल्टरमध्येच अडकले तर मुळापर्यंत काय जाणार?
५. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी त्याच सुमारास करू नका. रोग आला असेल तर आधी रोगाचा बंदोबस्त करा, मायकोरायझा नंतर. मर रोगासाठी वापरलं जाणारं मेटॅलॅक्सिल या बुरशीला त्या मानाने कमी त्रासदायक आहे.
६. माती ओलसर ठेवा, पण पाणी तुंबू देऊ नका. बुरशीलाही हवा लागते.
७. धीर धरा. मुळात नीट बस्तान बसायला साधारण तीन-चार आठवडे लागतात.

पाकीट घेताना काय बघायचं?

भारतात मायकोरायझा जैविक खत हे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतं. त्यानुसार ग्रॅममागे किमान १०० जिवंत घटक, म्हणजे बीजाणू किंवा बुरशी असलेले मुळांचे तुकडे, असायला हवेत. पाकिटावर हा आकडा, बुरशीचं नाव, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख शोधा. नुसतं "मुळांचा मित्र" असं लिहून आकडा नसेल तर ठेवून द्या. पाकीट उन्हात लटकवलेलं असेल तरी घेऊ नका, आत जिवंत वस्तू आहे.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. "एक पाकीट घ्या, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गूळ घालून वाढवा" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काही जिवाणूंसाठी आणि ट्रायकोडर्मासाठी ही युक्ती वापरतात. मायकोरायझासाठी ती चालत नाही! ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढून पिढी पुढे नेऊ शकत नाही. म्हणूनच कंपन्यांना ती कुंडीतल्या झाडांच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर तयार करावी लागते. गुळाच्या ड्रममध्ये वाढतं ते भलतंच काहीतरी.

घरच्या घरी प्रयोग करून बघा

कुणाच्या रीलवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः तपासा. सारख्या आकाराच्या १२ कुंड्या, शेतातली साधी माती आणि एकाच ट्रेमधली १२ रोपं घ्या. तीन-तीनचे चार गट करा.

• गट अ: मेलेली पावडर, स्फुरद नाही.
• गट ब: जिवंत पावडर, स्फुरद नाही.
• गट क: मेलेली पावडर आणि सुपर फॉस्फेट.
• गट ड: जिवंत पावडर आणि सुपर फॉस्फेट.

मेलेली पावडर कशी करायची? मायकोरायझा थोडा ओलसर करून डब्यात घाला आणि प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवा. हे कशासाठी? पाकिटात बुरशीबरोबर माती किंवा ह्युमिकसारखे पदार्थही असतात, आणि झाड त्यांच्यामुळेही वाढू शकतं. दोन्ही गटांना तेच पदार्थ मिळाले की जो फरक उरेल तो जिवंत बुरशीचा. सुपर फॉस्फेट दहा किलो मातीला ५ ग्रॅम पुरे. पाणी, ऊन आणि १३:००:४५ सगळ्यांना सारखं.

दर रविवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतरावरून, शेजारी पट्टी उभी करून मोबाईलने फोटो काढा. उंची, पहिलं फूल आलेली तारीख आणि तोडलेल्या मिरच्यांचं वजन एका शीटमध्ये भरा. तीन महिन्यांत तुमच्या मातीचं उत्तर तुमच्या हातात.

पुढे जायचंय? कॉलेजच्या लॅबमध्ये बारीक मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून पारदर्शक करा, स्वच्छ धुवा आणि व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा. मूळ फिकट राहतं, बुरशी रंगते. मनु प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही जोडता येतो. मूळ नीट दाबून ठेवलं तर बुरशीच्या गोलसर पिशव्या त्यात दिसू शकतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी भाजतं, त्यामुळे हे काम घरच्या किचनमध्ये नको. हातमोजे, चष्मा आणि सरांच्या देखरेखीतच करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा एकच का?
नाही. ट्रायकोडर्मा मातीतल्या रोगकारक बुरशींशी लढते आणि सेंद्रिय पदार्थांवरही वाढते. मायकोरायझा मुळात राहून अन्न पोचवते.

पीएसबी टाकलं तर मायकोरायझा कशाला?
पीएसबी हे जिवाणू अडकलेला स्फुरद विरघळवतात. मायकोरायझा तो वाहून आणते. कामं वेगळी आहेत.

चुरडा-मुरडा यावर उपाय होईल का?
नाही. तो फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूमुळे येतो. त्याचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

मिरची जास्त तिखट होईल का?
तिखटपणा मुख्यतः वाणावर ठरतो. भिवापुरी किंवा खोला मिरचीची चव पाकिटातून येणार नाही.

कुंडीत छत्र्या उगवल्या, ती हीच बुरशी का?
नाही. मिरचीच्या मुळातली ही बुरशी छत्र्या काढत नाही. कुंडीतल्या छत्र्या बहुतेक वेळा शेणखतातल्या किंवा कुजणाऱ्या लाकडावरच्या बुरशीच्या असतात.

शेवटी एवढंच

मायकोरायझा म्हणजे जादूची पावडर नाही आणि फसवणूकही नाही. झाडाला गरज असेल तरच ही भागीदारी चालते. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी माती परीक्षण, मग खताचा हिशोब, आणि त्यानंतर पाकीट. घरी खताची यादी निघेल तेव्हा मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि स्फुरद किती किलो होतोय ते मोजून दाखवा. दोनच्या जागी एक बॅग पुरते हे वडिलांना आकड्यांत दिसलं, तर या हंगामातली पहिली बचत तिथेच झाली.